पाऊस कां थांबतो? खानदेशावरील ओली हवा व कोरडी हवा यांविषयीं निवेदन

दुष्काळनिवारणाच्या कार्यास ज्या व्यापारी, जमीनदार व इतर उदार सद्गृहस्थांचें साहाय्य होतें, त्यांजकडून एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. मुंबईस व कोंकणांत पावसानें कहर केल्याचें वृत्त वाचावयास मिळतें. मग त्याच आठवड्यांत अमळनेर, पारोळें, शिंदखेडें या बाजूस पेरण्या करपत आहेत असें सांगण्यांत येतें, हें कसें? प्रश्न रास्त आहे. ज्यानें आपल्या श्रमाचा पैसा द्यावयाचा, त्यानें त्याचें कारण विचारावें यांत गैर कांहींच नाहीं. किंबहुना, कारण समजून दिलेला पैसा वेळेवर येतो आणि न समजतां दिलेला बहुधा उशिरां येतो, असा या कार्याचा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून जमाखर्चाच्या व कामाच्या हकीकतीबरोबर हें विवेचन सादर करीत आहों.

उत्तर थोडक्यांत असें. ढग आले म्हणजे पाऊस पडतोच असें नाहीं. कोणत्या जातीची हवा आपल्या माथ्यावर आहे, ती किती उंचीपर्यंत आहे, आणि शेजारच्या निराळ्या हवेशीं तिची सीमा कोठें पडली आहे, या तीन गोष्टींवर पाऊस अवलंबून असतो. ही सीमा कांहीं शें किलोमीटर इकडची तिकडे सरली म्हणजे एके ठिकाणीं पूर व दुसरे ठिकाणीं फुफाटा, असें एकाच दिवशीं घडतें. खानदेश हा मुलूख अशा जागीं वसला आहे कीं, या सीमेच्या हालचालीचा फटका त्यास लौकर बसतो.

हवेची प्रतवारी

आपल्या प्रांतांतील व्यापारी बंधू कापसाची प्रतवारी नित्य करितात. माल कोणत्या भागांतून आला हें कळलें म्हणजे धाग्याची लांबी, ओलावा व कचरा यांचा अंदाज त्यांस पुष्कळसा बांधतां येतो. हवेचेंहि तसेंच आहे. विस्तीर्ण समुद्रावर किंवा विस्तीर्ण वाळवंटावर हवा कित्येक दिवस पडून राहिली म्हणजे खालच्या पृष्ठाचे गुण तिच्यांत उतरतात. समुद्रावरची हवा ओली होते, वाळवंटावरची कोरडी व तप्त होते, हिमाच्छादित भूमीवरची थंड व जड होते. हजार-हजार किलोमीटर पसरलेल्या, अंतर्बाह्य जवळजवळ एकाच गुणाच्या अशा हवेच्या साठ्यास शास्त्रज्ञ वायुराशि म्हणतात. हा साठा वाऱ्याबरोबर परमुलखांत गेला तरी आपला मूळचा गुण कांहीं काळ सोडीत नाहीं.

खानदेशावर वर्षभरांत मुख्यत्वें चार प्रकारची हवा येते. पहिली नैर्ऋत्येची समुद्री हवा. हिचें माहेर विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मॉरिशसच्या बाजूच्या हिंदी महासागरांत आहे. तेथून निघून ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते, पृथ्वीच्या फिरण्यामुळें उजवीकडे वळते, आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र पार करून आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागते. दुसरी बंगालच्या उपसागरावरची ओली हवा. ती मध्य हिंदुस्थानावरून पूर्वेकडून येते. तिसरी वायव्येची कोरडी व उष्ण हवा. राजस्थानचें वाळवंट, बलुचिस्तान, इराण व अरबस्तान हें तिचें घर. वैशाखांत जळगांव-भुसावळाकडे पारा ४५ अंशांपर्यंत किंवा त्याहूनहि वर चढतो, तो याच हवेच्या राज्यांत. चौथी हिवाळ्यांतील उत्तरेची थंड व कोरडी हवा.

आतां ओलाव्याचा हिशेब पाहूं. एक घनमीटर हवेंत ३० अंश उष्णतेवर सुमारें ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते; २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅम; आणि १० अंशांवर अवघी ९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ओली उष्ण हवा थंड झाली कीं जास्तीची वाफ तिला धरून ठेवतां येत नाहीं. ती सूक्ष्म थेंबांच्या रूपानें बाहेर पडते, व तोच ढग. हवा थंड होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ती वर चढणें. वर दाब कमी असल्यामुळें ती फुगते व फुगल्यामुळें निवते. उलट, खालीं उतरणारी हवा दाबली जाते व तापते. दर शंभर मीटर उतारास सुमारें एक अंश, असें तें प्रमाण आहे. चढणारी हवा पाऊस देते व उतरणारी हवा तो पुसून टाकते, हें एक सूत्र ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

दोन हवांची आघाडी

हवेस वर चढविणाऱ्या गोष्टी तीन: डोंगराची भिंत, जमिनीची उष्णता, आणि निराळ्या जातीच्या हवेची धडक. यांपैकीं तिसऱ्या गोष्टीचा शास्त्रीय उलगडा नॉर्वे देशांतील बर्गेन येथें विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे पुत्र याकोब ब्यर्कनेस व त्यांचे सहकारी यांनीं १९१८-१९ च्या सुमारास केला. पहिलें महायुद्ध नुकतेंच संपत होतें. युद्धांत दोन सैन्यें एकमेकांसमोर उभीं ठाकतात त्या रेषेस आघाडी म्हणतात. त्याच रूपकानें दोन भिन्न वायुराशि जेथें भिडतात त्या सीमेस या शास्त्रज्ञांनीं आघाडी असें नांव दिलें. मराठी शास्त्रीय ग्रंथांत तिला सीमापृष्ठ असेंहि म्हणतात.

थंड हवा जड असते. ती चाल करून आली म्हणजे पाचरीसारखी उष्ण हवेखालीं शिरते व तिला वेगानें वर उचलते. त्यामुळें मनोऱ्यासारखे उंच ढग, कडकडाट, थोडा वेळ पण जोराचा पाऊस व प्रसंगीं गारा पडतात. उलट उष्ण हवा पुढें सरकत असेल तर ती थंड हवेच्या पाठीवरून चढण चढल्यासारखी हळूहळू वर जाते. मग आकाशभर पसरलेले थरांचे ढग येतात व मंद पाऊस बराच वेळ चालतो. युरोप-अमेरिकेकडील बहुतेक दैनंदिन हवामान अशा आघाड्यांच्या येण्याजाण्यानें बनलेलें असतें.

आपल्याकडे मात्र एक मोठा भेद आहे. उष्ण कटिबंधांत शेजारशेजारच्या वायुराशींत उष्णतेचा फरक थोडा असतो, ओलाव्याचा फरक फार असतो. म्हणून पावसाळ्यांत खानदेशावर जी सीमा पडते ती थंड व उष्ण यांची नसून ओली व कोरडी यांची असते. युरोपांतील आघाडीची व्याख्या तिला तंतोतंत लागू पडत नाहीं. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीनें तिचें महत्त्व कमी नसून अधिक आहे.

खऱ्या अर्थाची आघाडी पाहावयाची तर ती हिवाळ्यांत दिसते. भूमध्यसमुद्राच्या बाजूस जन्मलेले न्यूनदाब इराण-अफगाणिस्तानावरून प्रवास करीत डिसेंबर ते मार्च या महिन्यांत पंजाब व हिमालय गांठतात. त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते पुढें सरकले म्हणजे त्यांच्या पाठीमागून उत्तरेची थंड हवा मोकळेपणानें दक्षिणेकडे वाहूं लागते. धुळ्याकडे पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागांस शेतकरी ज्यास 'चरका' म्हणतात ती इजा होते. कधीं असें घडतें कीं, वर थंड कोरडी हवा सरकत आहे आणि त्याच वेळीं खालून समुद्राची ओली हवा महाराष्ट्रावर खेंचली जात आहे. अशा वेळीं गारपीट ठरलेली. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर, व त्यांत आपल्या खानदेशावरहि, जी विस्तीर्ण गारपीट झाली तिचें मूळ हेंच होतें. हाताशीं आलेला गहू व हरभरा कांहीं मिनिटांत आडवा झाला. दुष्काळ केवळ पाणी न पडल्यानें येतो असें नव्हे. भलत्या वेळीं दोन हवा भिडल्यानेंहि घरांत दाणा राहत नाहीं.

खानदेशचें स्थान

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, नैर्ऋत्येस सह्याद्रि, आणि पश्चिमेस सुरतेकडे उघडणारें नदीचें तोंड. सुरतेहून अमळनेरावरून जळगांवास येणारी रेल्वे याच खोऱ्यानें येते. कोणासहि वाटेल कीं, जसा रेल्वेस मार्ग मोकळा तसा पावसाच्या वाऱ्यासहि मोकळा असेल. वाऱ्यास तो बराचसा मोकळा आहेच. परंतु पावसास लागते ती मोकळी वाट नव्हे, चढण लागते. समुद्राची हवा कोंकणांतून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळते, एक हजार मीटर व त्याहून वर चढते, आणि तेथें आपलें ओझें उतरविते. मुंबईस वर्षाकांठीं सुमारें ऐंशी-नव्वद इंच पाऊस पडतो व महाबळेश्वरीं तो दोनशें इंचांच्या वर जातो, याचें कारण ही चढण होय. तीच हवा पलीकडे उतरूं लागली कीं तापते, ढग विरतात, व उरलेली वाफ पोटांत ठेवून ती पुढें जाते. अमळनेराच्या वांट्यास वर्षाकांठीं पंचवीस इंचांच्या आंतबाहेर पाऊस येतो तो यामुळें. नवापुराच्या डोंगरी पट्ट्यांत पाऊस पुष्कळ अधिक असतो. तेथून पूर्वेस शिंदखेडें, अमळनेर, पारोळें या सपाट भागांत आलों कीं तो झपाट्यानें घटतो.

तर मग हे पंचवीस इंच तरी कोठून येतात? येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. खानदेशच्या चांगल्या पावसाचा मोठा भाग पश्चिमेच्या वाऱ्यानें एकट्यानें येत नाहीं. तो पूर्वेकडच्या मदतीनें येतो. बंगालच्या उपसागराच्या माथ्याशीं पावसाळ्यांत वारंवार न्यूनदाब निर्माण होतात. ते ओडिशा, छत्तीसगड व मध्यप्रदेश ओलांडीत पश्चिम-वायव्येस चालत येतात. त्यांच्या वाटेच्या डाव्या बाजूस, म्हणजे दक्षिण व नैर्ऋत्य अंगास, पाऊस सर्वांत अधिक असतो. कारण तेथें अरबी समुद्राची हवा व उपसागराची हवा एकत्र येऊन वर चढते. असा न्यूनदाब दक्षिण मध्यप्रदेशावरून किंवा विदर्भावरून गेला कीं सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर पाऊस होतो, बोरी, पांझरा, गिरणा या नद्या वाहतात व तापीस पूर येतो. २००६ सालच्या ऑगस्टांत सुरत शहर बुडविणारा तापीचा महापूर वरच्या खोऱ्यांत अशाच प्रवासी न्यूनदाबांनीं पाडलेल्या पावसाचा होता. तात्पर्य, अमळनेराचा शेतकरी पश्चिमेच्या आकाशाकडे पाहत असतो. पण त्याचें नशीब अर्धेंअधिक पूर्वेकडून चालत येतें.

खंड म्हणजे काय

पावसाळ्यांत राजस्थानापासून गंगेच्या खोऱ्यावरून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा पसरलेला असतो. त्यास मोसमी पट्टा म्हणूं. हा पट्टा आपल्या नित्याच्या जागीं किंवा तिच्या दक्षिणेस असला म्हणजे उपसागरांतले न्यूनदाब त्याच्या वाटेनें येतात व मध्य हिंदुस्थान भिजतो. पण कधीं हा पट्टा उत्तरेस सरकून हिमालयाच्या पायथ्याशीं जाऊन बसतो. मग पायथ्याच्या प्रदेशांत व आसामाकडे मुसळधार, आणि मध्य हिंदुस्थान, विदर्भ, खानदेश व मराठवाडा कोरडे. यासच पावसाचा खंड म्हणतात.

खंडाच्या दिवसांत खानदेशांतील आकाशाचें स्वरूप सर्वांच्या परिचयाचें आहे. वारा जोराचा असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे ढग सारखे पळत असतात, ऊन-सावलीचा खेळ चालतो, पण एक थेंब पडत नाहीं. ढग असतांना पाऊस कां नाहीं, याचें उत्तर उंचीच्या हिशेबांत आहे. जमिनीलगतचा एक-दोन किलोमीटरचा थर समुद्राच्या ओल्या हवेचाच असतो. म्हणून ढग दिसतात. परंतु त्याच्यावर, दोन ते पांच किलोमीटर उंचीच्या दरम्यान, वायव्येच्या वाळवंटांतली कोरडी हवा सरकून झांकणासारखी बसलेली असते. खालचा ढग वर वाढूं लागला कीं या कोरड्या थरांत त्याचे थेंब पुनः वाफ होऊन जातात. चांगला पाऊस पडावयास ओला थर पांच-सहा किलोमीटरपर्यंत उंच असावा लागतो. सह्याद्रीच्या भिंतीस उथळ ओल्या थरांतूनहि पाऊस पिळून काढतां येतो. खानदेशच्या सपाटीस तें साधत नाहीं. पूर्ण देशव्यापी खंड पडला म्हणजे कोंकणांतील पाऊसहि मंदावतो. पण एरव्हीं कोंकण भिजत असतां खानदेश कोरडा राहण्याचें कारण हें होय. ज्या सद्गृहस्थांनीं आरंभींचा प्रश्न विचारला, त्यांस आमचें उत्तर हेंच: मुंबईचा पाऊस हा खानदेशच्या पिकाचा पुरावा नव्हे.

अशा दिवसांत जो तुरळक पाऊस पडतो तोहि जमिनीच्या उष्णतेनें दुपारनंतर उठलेल्या एखाद्या ढगाचा असतो. तो एका शिवारास भिजवितो व शेजारचें शिवार कोरडें ठेवितो. म्हणून तालुक्याची सरासरी पाहून एखाद्या गांवाची तक्रार खोटी ठरवूं नये.

खंडाची लांबी कधीं आठ दिवस, कधीं तीन आठवडे, व कधीं अख्खा महिना. २००२ सालचा जुलै देशभर असाच गेला. त्या महिन्याचा पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आसपास भरला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; पाऊस सरासरीहून ३६ टक्के कमी होता. तथापि त्याच वर्षीं चार महिन्यांची देशाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के झाली. कागदावर ९४ टक्के हा आंकडा वाईट दिसत नाहीं. परंतु पीक बेरजेवर जगत नाहीं, तें आठवड्यावर जगतें. मृगांत पेरलेलें बीं आर्द्रांत मेलें तर पुनर्वसूचा पाऊस त्यास उठवीत नाहीं. दुबार पेरणी करावी लागते. मूग-उडीद फुलावर असतां किंवा कपाशीस पात्या-फुलें लागत असतां आश्लेषा-मघा कोरडीं गेलीं, तर हस्ताच्या पावसानें सरासरी पुरी होते, घर पुरें होत नाहीं.

मोठीं अवर्षणें व दूरचा समुद्र

एक खंड निराळा आणि अख्खा पावसाळा बुडणें निराळें. १८७७, १८९९, १९१८ व १९७२ या सालीं देशाचा मोसमी पाऊस सुमारें चतुर्थांशानें किंवा त्याहूनहि अधिक कमी पडला. १८९९ चें अवर्षण विक्रम संवत् १९५६ चें असल्यामुळें 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून त्याची आठवण गुजराथ, मारवाड व खानदेश यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत लक्षावधि माणसें दगावलीं.

हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें, त्याच्या मुळाशींहि चक्रीवादळें व अवर्षणें यांचाच धडा होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयांतील बर्फाचें मान पाहून पावसाचे अंदाज बांधण्यास आरंभ केला व १८८६ पासून असे अंदाज नियमानें निघूं लागले. १८९९ च्या अवर्षणाची चाहूल या रीतीनें लागली नाहीं. १९०४ सालीं प्रमुखपदीं आलेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनीं मग सर्व पृथ्वीवरील दाबाच्या व पावसाच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांस असें आढळलें कीं, पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागांत दाब वाढला कीं हिंदी महासागराकडे तो घटतो, व उलट. तराजूच्या पारड्यांप्रमाणें हा झोका चालतो आणि हिंदुस्थानच्या पावसाशीं त्याचा संबंध आहे. कारण मात्र त्यांस सांगतां आलें नाहीं. तें सांगण्याचें श्रेय मोठ्या अंशानें याकोब ब्यर्कनेस यांस गेलें. आघाड्यांचा शोध लावणाऱ्या मंडळींतील हेच गृहस्थ वार्धक्यांत अमेरिकेंत काम करीत असतां, १९६९ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, वॉकरांचा झोका व पेरूच्या किनाऱ्याकडील समुद्र तापण्याची 'एल निनो' ही घटना एकाच यंत्राचे दोन भाग आहेत.

त्या यंत्राचा आपल्याशीं संबंध असा. पॅसिफिकचा मध्य व पूर्व भाग तापला कीं हवेची चढती बाजू तिकडे सरकते. मग तिची उतरती बाजू बहुधा आपल्या उपखंडावर येते. उतरणारी हवा पाऊस पुसते, हें सूत्र आरंभीं सांगितलेंच आहे. अशा वर्षीं कोरड्या हवेचें झांकण लौकर बसतें व लौकर उठत नाहीं. वर सांगितलेलीं चारही अवर्षणें एल निनोच्या वर्षींचीं होतीं. मात्र प्रत्येक एल निनो दुष्काळ आणतोच असें नाहीं. १९९७ सालीं तो अतिशय प्रबळ असतां देशाचा पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. म्हणून एल निनोचें नांव ऐकून घाबरूं नये, व न ऐकल्यानें निश्चिंतहि राहूं नये. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत अमळनेर होतें.

वेळ साधण्याचें महत्त्व

आज हवेची ही हालचाल पाहण्याचीं साधनें पूर्वजांस नव्हतीं इतकीं आहेत. रोज सकाळ-सायंकाळ फुग्यांबरोबर यंत्रें वर सोडून प्रत्येक उंचीवरील ओलावा मोजला जातो. इनसॅट मालिकेंतील उपग्रहांच्या वाफेच्या चित्रांत कोरडी हवा काळसर जिभेसारखी वायव्येकडून आंत शिरतांना दिसते. दोन ते चार आठवड्यांचे अंदाज हवामान खातें प्रसिद्ध करितें. खंडाचा पहिला दिवस कोणास अचूक सांगतां येत नसला, तरी खंड लांबणार अशी चिन्हें बहुधा आधीं दिसतात. तीं पाहून आपण काय करितों, हाच खरा प्रश्न आहे.

खंड पडल्यावर गांवांत काय क्रम लागतो तो सांगतों. प्रथम वैरण महागते. मग कडबा संपतो व शेतकरी बैलजोडी बाजारांत आणतो. सगळेच आणूं लागल्यामुळें भाव पडतो. जोडी अर्ध्या किंमतीस जाते. पुढें कोरडी हवा मागें हटते, उपसागरांतून न्यूनदाब येतो, पाऊस पडतो. पण नांगरावयास जोडी नाहीं व पेरावयास बीं नाहीं. वायुराशींची सीमा कांहीं दिवसांनीं परत येते, विकलेले बैल परत येत नाहींत. ज्या पंधरवड्यांत मदतीचा रुपया हें सर्व थांबवूं शकतो, तो पंधरवडा एकदां गेला कीं पुढचे चार रुपयेहि तें काम करूं शकत नाहींत.

याचें सर्वांत मोठें प्रमाण इतिहासांत आहे. १८९९ व १९७२ या दोन सालीं आकाशानें सारखाच दगा दिला. पहिल्या वेळीं माणसें मेलीं. दुसऱ्या वेळीं महाराष्ट्रांत कामें वेळेवर निघालीं, आणि मे १९७३ मध्यें सुमारें पन्नास लाख माणसें दुष्काळी कामांवर मजुरी मिळवीत होतीं. हाल फार झाले, गुरें पुष्कळ गेलीं. परंतु उपासमारीनें माणसांचा संहार झाला नाहीं. कोरडी हवा रोखणें मनुष्याच्या हातीं नाहीं. तिच्यामागून येणारी उपासमार रोखणें त्याच्या हातीं आहे.

यास्तव आमची दातृवर्गास सविनय विनंति अशी. कोंकणांतील किंवा मुंबईंतील पावसावरून खानदेशचा अंदाज करूं नये. आपल्या तालुक्याच्या, व शक्य तर आपल्या महसूल मंडळाच्या, पर्जन्यमापकाचा आंकडा पाहावा. हंगामाच्या बेरजेपेक्षां कोरड्या दिवसांची लांबी मोजावी. जुलै-ऑगस्टांत सलग पंधरा दिवस कोरडे गेले म्हणजे मदतीची वेळ आली असें समजावें, सरकारी जाहीरनाम्याची वाट पाहूं नये, कारण तो हंगामाच्या शेवटीं निघतो. पहिली मदत वैरण, बियाणें व पिण्याचें पाणी यांसाठीं असावी, म्हणजे जोडी दावणीस राहील. जमीनदार बंधूंनीं खंडाच्या काळांत कुळांच्या व सालदारांच्या वसुलीची निकड करूं नये. व्यापारी बंधूंनीं कडब्याचा सांठा वाजवी भावानें सोडावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या वर्षीं उपसागराचे न्यूनदाब भरभरून येतात, बोरी दुथडी वाहते व बाजारांत कापूस मावत नाहीं, त्या वर्षींच निधीस हातभार लावावा. सुकाळांत ठेविलेला पैसा खंडाच्या पहिल्या आठवड्यांत उपयोगी पडतो. दुष्काळांत गोळा केलेला बहुधा जोडी विकल्यानंतर पोंचतो.

पाऊस न पडणें हा शेतकऱ्याचा दोष नव्हे, गांवाचें पाप नव्हे, व आळसाचें फळ तर मुळींच नव्हे. हजारों किलोमीटरांवरून आलेल्या दोन हवांची सीमा कोठें पडते, याचा तो परिणाम आहे. त्या सीमेच्या अलीकडे कोणाचें शेत यावें व पलीकडे कोणाचें, हें कोणाच्या गुणावर ठरत नाहीं. आज ज्याचें शेत भिजलें त्यानें न भिजलेल्याचा भार उचलावा, इतकेंच या सर्व विवेचनाचें मागणें आहे. तें दातृवर्गानें गोड करून घ्यावें, अशी प्रार्थना करून हें निवेदन पुरें करितों.